'सुगरण' : एका लोकनामाचा पक्षिशास्त्रीय विचार

प्रास्ताविक :
लोकभाषेतील पक्ष्यांच्या नावांमध्ये समाजाचे निसर्गनिरीक्षण साठवलेले असते. त्याचबरोबर त्या समाजाच्या धारणाही त्यांत उमटतात. झाडाला लोंबणारा खोपा विणणाऱ्या पक्ष्याचे 'सुगरण' हे मराठी नाव या दृष्टीने अभ्यसनीय आहे. हिंदीत हाच पक्षी 'बया' म्हणून ओळखला जातो. प्रस्तुत लेखात या नावाचा अर्थ आणि पक्ष्याचे प्रत्यक्ष वर्तन यांची तुलना केली आहे.

नावाचा अर्थ :
स्वयंपाकात व घरकामात निपुण असलेल्या स्त्रीला मराठीत 'सुगरण' म्हणतात. गुजरातीत याच पक्ष्याला 'सुघरी' हे नाव आहे. पंचतंत्रातील एका कथेत पावसात कुडकुडणाऱ्या वानराला उपदेश करणाऱ्या व त्यामुळे घरटे गमावून बसणाऱ्या पक्षिणीसाठी 'सुगृही' हा शब्द येतो. 'सुगृही' म्हणजे जिचे घर चांगले आहे ती. मराठी नावात मात्र घरापेक्षा घर सांभाळणाऱ्या स्त्रीच्या कौशल्यावर भर आहे. बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) यांच्या खोप्यावरील कवितेमुळे पिलांसाठी राबणाऱ्या आईचे रूप या पक्ष्याला मिळाले व ते मराठी मनात दृढ झाले.

प्रत्यक्ष वर्तन :
डॉ. सालिम अली यांनी १९३० च्या पावसाळ्यात अलिबागजवळील किहीम येथे या पक्ष्यांच्या वसाहतीचे बारकाईने निरीक्षण केले. त्यांचा निबंध १९३१ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यातून स्पष्ट झालेली गोष्ट अशी की, खोपा विणण्याचे काम जवळजवळ सर्वस्वी नर करतो. विणीच्या काळात त्याचा माथा पिवळाधमक होतो. मादी मात्र चिमणीसारखी तपकिरीच राहते. नर भाताच्या, उंच गवताच्या वा नारळाच्या पात्याला चोचीने खाच पाडून लांब धागा सोलून काढतो. बाभूळ, शिंदी अशा झाडांच्या टोकाला, बहुधा पाण्यावर, तो हे धागे गुंफतो. एका खोप्यासाठी त्याला शेकडो फेऱ्या माराव्या लागतात.

खोपा शिरस्त्राणाच्या आकाराइतका झाला की माद्या पाहणीस येतात. एखाद्या मादीने तो पसंत केला तरच नर अंड्यांची कोठी व खाली उतरणारी प्रवेशनळी पूर्ण करतो. नापसंत खोपे अर्धवट लोंबत राहतात. पुढे मादी दोन ते चार पांढरी अंडी घालते व ती एकटीच उबवते. दरम्यान नर दुसरा खोपा विणून दुसऱ्या मादीला आकर्षित करू लागतो.

विवेचन :
यावरून 'सुगरण' हे नाव विणकामाच्या बाबतीत वस्तुस्थितीशी जुळत नाही, हे उघड आहे. घर म्हटले की ते स्त्रीने उभे केलेले, ही मानवी कुटुंबातील धारणा येथे पक्ष्यावर आरोपित झाली आहे. तथापि हे नाव पूर्णतः निराधारही नाही. कोणता खोपा घर व्हावा याचा निर्णय मादीचा असतो आणि अंडी उबवण्याचा भारही तीच वाहते. शिवाय चूक केवळ लोकनामाचीच नाही. लिनियसने १७६६ मध्ये या पक्ष्याला 'फिलिपाईन्सचा' असे विशेषण दिले. 'प्लोसिअस फिलिपिनस' या आजच्या शास्त्रीय नावातही ते कायम आहे. परंतु हा पक्षी मूळचा फिलिपाईन्समधील नाही.

निष्कर्ष :
लोकनाम चुकीचे ठरले म्हणून ते त्याज्य ठरत नाही, जसे शास्त्रीय नावही ठरलेले नाही. मात्र 'सुगरण' हा शब्द शिकवताना विणणारा नर व निवड करणारी मादी या दोघांचीही ओळख विद्यार्थ्यांना करून देणे आवश्यक आहे. तसे झाल्यास या एका नावातून पक्ष्याचे आणि त्याला नाव देणाऱ्या समाजाचे, असे दुहेरी ज्ञान प्राप्त होईल.