पाड्यावरचे कुटुंब मोठे का असते?



“पाड्यांवर अजूनही इतकी मुले का होतात?” असा प्रश्न मंडळ्यांना भेट देताना आम्हांला नेहमी विचारला जातो. त्यामागे काळजी असते. पण पुष्कळदा आपण अज्ञानाला दोष देऊन मोकळे होतो. वस्तुस्थिती निराळी आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ मध्ये देशातील आदिवासी स्त्रीला सरासरी ३.१ मुले होत. २०१९-२१ मध्ये हा आकडा २.१ वर आला. तेव्हा सर्व स्त्रियांची सरासरी २.० होती. म्हणजे अंतर फारसे उरलेले नाही. तरीही जिथे घरे मोठी आहेत, तिथे त्याला कारणे आहेत.

पहिले कारण बालमृत्यू. याच पाहणीत आदिवासींमध्ये हजारी सुमारे ४२ बाळे वर्षाची होण्याआधीच दगावल्याचे दिसले. देशात हे प्रमाण तेव्हा ३५ होते. लेकरू जगेल याचीच खात्री नसेल, तर आईबाप एकदोघांवर कसे थांबतील?

दुसरे कारण शिक्षण. शाळेत न गेलेल्या स्त्रीला सरासरी २.८ मुले, तर बारावी व पुढे शिकलेलीला १.८. पण दिवाळीनंतर कुटुंब वीटभट्टीला किंवा ऊसतोडीला निघाले की धाकट्यांना सांभाळायला थोरली मुलगीही जाते. तिची शाळा सुटते आणि लग्न लवकर उरकले जाते.

तिसरे कारण गरिबी. थोडीशी जमीन, हातावरचे पोट. म्हातारपणी आधार मुलांचाच. सर्वांत गरीब घरांत सरासरी २.६ मुले, सर्वांत सधन घरांत १.६.

म्हणून नुसत्या उपदेशाने काही साधत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले आणि तिथले नवजात मृत्यू निम्म्याहून अधिक घटले. आईला धीर येतो तो अशा कामातून.

आपल्या मदतीतून एखादी मुलगी वसतिगृहात राहून दहावीपर्यंत टिकली, बाळंतिणीपर्यंत नर्सबाई वेळेवर पोहोचली, दोन बाळंतपणांत अंतर ठेवण्याची सोय जवळ मिळाली, तर किती मुले हवीत हे ती आई स्वतः ठरवू शकेल. या कामाची प्रार्थनेत आठवण ठेवा आणि हातभारही लावा.