मेंढीच्या रक्तातलं आम्ल वाढलं तर?

मेंढीला पोटभर ज्वारी दिली तर ती छान गुबगुबीत होईल, असं वाटतं ना? मग खळ्यावरच्या राशीकडे मेंढरं वळली की धनगरबाबा काठी घेऊन का धावतात? धान्य वाया जाईल म्हणून, हे झालं अर्धंच कारण. हावरटपणे धान्य खाल्लेली मेंढी चक्क मरूही शकते!

मेंढीच्या पोटाला चार कप्पे. त्यातला सगळ्यात मोठा म्हणजे कोटीपोट. तिथे असंख्य सूक्ष्मजीव चारा आंबवतात. त्यात आम्लं तयार होतातच, पण रवंथ करताना मेंढी दिवसाला कित्येक लिटर लाळ गिळते. खायच्या सोड्यात असतं तेच बायकार्बोनेट या लाळेतही असतं, त्यामुळे आम्ल आटोक्यात राहतं. धान्याचं गणित वेगळं. त्यातला स्टार्च भराभर आंबतो आणि लॅक्टिक आम्ल साचतं. रवंथ थांबतं, म्हणजे लाळही कमी! मग ते आम्ल कोटीपोटातून थेट रक्तात उतरतं.

रक्त काही लिंबासारखं आंबट होत नाही हं. आम्ल मोजायचं माप म्हणजे पीएच; आकडा जितका कमी, तितकं आम्ल जास्त. निरोगी मेंढीच्या रक्ताचा पीएच असतो साधारण ७.४. तो ७.२ वर आला तरी मेंढी मलूल होते. एवढासा फरक, पण शरीराला तो सोसत नाही.

आता मूत्रपिंडं कामाला लागतात. त्यांना हवं असतं ग्लुटामिन नावाचं अमिनो आम्ल. ते फोडलं की अमोनिया मिळतो. अमोनिया आम्लाला पकडून लघवीवाटे बाहेर नेतो. वर रक्ताला ताजं बायकार्बोनेट मिळतं, ते वेगळंच. पण एवढं ग्लुटामिन आणायचं कुठून? त्याचा मोठा साठा असतो स्नायूंत. पावसात सरपण संपलं म्हणून घराचा वासाच फोडून चुलीत घालावा, तसा हा प्रकार! जीव वाचतो, पण अंगावरचं मांस झडतं.

हे शास्त्रज्ञांनी तपासलं कसं? नवसागर वापरून! कल्हईवाले भांड्यावर टाकतात ना, तोच. म्हणजे अमोनियम क्लोराइड. धान्यावर पोसलेल्या नर कोकरांना मुतखडा होऊ नये म्हणून त्यांच्या खुराकात तो किंचित मिसळतात. त्याने लघवी आम्लधर्मी होते. मात्रा वाढवली की रक्तातलं आम्लही वाढतं. अशा मेंढ्यांची मूत्रपिंडं रक्तातून जास्त ग्लुटामिन ओढून घेतात, हे मोजमापात दिसलंय.

स्नायूंत नेमकं काय घडतं, याचा जास्त उलगडा झाला तो उंदरांवरच्या प्रयोगांतून. मोडायच्या प्रथिनाला युबिक्विटिन नावाची चिमुकली खूण चिकटते. ती खूण दिसली की पेशीतलं प्रोटिएसोम नावाचं यंत्र त्या प्रथिनाचे तुकडे करतं. रक्तातलं आम्ल वाढलं की हे काम जोरात चालतं. ही खुणेची युक्ती शोधणाऱ्या आरोन चिकानोवर, अव्राम हर्श्को आणि अर्विन रोझ या तिघांना २००४ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. मला विचाराल तर खूण लावून मोडण्याची ही शिस्तच सगळ्यात भारी!

मूत्रपिंडं थकलेल्या माणसांच्या रक्तातही असंच आम्ल साचतं आणि त्यांचेही स्नायू झिजतात. म्हणून डॉक्टर त्यांना सोडियम बायकार्बोनेटच्या, म्हणजे खायच्या सोड्याच्याच, गोळ्या मोजून देतात.