तज्ज्ञपणाची मुदत

पदवी हातीं आली कीं डॉक्टरांचा अभ्यास संपला, असें आपणांस सहज वाटतें. अमेरिकेंत व्यवसायाचा परवाना राज्यसरकार देतें. तज्ज्ञपणाचें प्रमाणपत्र मात्र त्या त्या शाखेचें मंडळ देतें. तें घेणें ऐच्छिक. परंतु पुष्कळ इस्पितळें तें मागतात, तेव्हां ही ऐच्छिकता नांवापुरतीच! कायचिकित्सेच्या मंडळानें १९९० पासून नव्या प्रमाणपत्रांस १० वर्षांची मुदत घातली. त्यापूर्वींचीं तहहयात राहिलीं. एकाच व्यवसायांतला हा पंक्तिप्रपंच तरुणांस खटकण्याजोगाच होता. १० वर्षांनीं येणाऱ्या मोठ्या परीक्षेस २०२२ पासून एक पर्याय आहे : दर तिमाहीस ३० प्रश्न, प्रत्येकास ४ मिनिटें, अशीं ५ वर्षें. उत्तर देतांना ग्रंथ खुशाल उघडावे. दुसऱ्या माणसास मात्र विचारूं नये.