ग्रामसभेचा व्यापार व हिशेबाचें शिक्षण

धान्याचा व्यापार अडत्याच्या हातीं गेला म्हणजे काय होतें, हें आपल्या वाचकांस सांगावयास नको. रानावर जगणाऱ्या आदिवासी बांधवांचें दुखणें तेंच. मात्र त्यांस माल आपला म्हणण्याचा अधिकारही पुष्कळ काळ नव्हता. २००६ सालच्या वनहक्क कायद्यानें बांबू व तेंदूपान यांची गणना गौण वनोपजांत होऊन त्यांवरील वनवासीयांची मालकी मान्य झाली.

गडचिरोली जिल्ह्यांत धानोरा तालुक्यांत मेंढा (लेखा) हें गोंडांचें लहान गांव आहे. त्यास २००९ सालीं सुमारें १,८०९ हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. परंतु बांबू विकावयाचा तर वाहतूक परवाना पाहिजे, आणि परवान्याचें पुस्तक वनखात्याकडे! हक्काचा कागद पेटींत व माल रानांत, अशी स्थिति राहिली. एप्रिल २०११ मध्यें तत्कालीन केंद्रीय मंत्री श्री. जयराम रमेश यांनीं गांवीं येऊन तें पुस्तक ग्रामसभेच्या हवालीं केलें, तेव्हां खरा व्यापार सुरू झाला. ज्याचें आयुष्य दाखले लिहिण्यांत गेलें त्या प्रस्तुत लेखकास अशा पुस्तकाचें मोल पटवावें लागत नाहीं.

हें गांव तयार होतें. श्री. देवाजी तोफा व कै. मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साह्यानें तेथें पुष्कळ वर्षें अभ्यासगट चालत असे. आधीं विषय समजून घ्यावयाचा, मग निर्णय, आणि तोही सर्वसहमतीनें.

आतां कित्येक ग्रामसभा तेंदूपानही स्वतः विकतात. तेथील हिशेब पाहा. आपल्या राज्यांत ७० पानांचें एक पुडकें व १,००० पुडक्यांची एक प्रमाण गोणी. म्हणजे ७०,००० पानें. मोजून घेणारा शेंकडा पांच पुडकीं अधिक घेऊं लागला, तर गोणीमागें ५० पुडकीं, म्हणजे ३,५०० पानें फुकट गेलीं. शिवाय पानाचा हंगाम थोड्या दिवसांचा, तोडलेलें पान थांबत नाहीं. म्हणून करारनामा व अनामत रक्कम तोडणीपूर्वींच हातीं हवी. निविदा वाचतां येणें, हप्त्यांचें कलम कळणें, रोजकीर्द व खतावणी ठेवणें, एवढें आलें नाहीं तर कर्ज व अनुदान ठेकेदाराच्याच घरीं जाईल, असें माझें स्पष्ट मत आहे.

यासाठीं बाहेरचा कारकून बसवूं नये (हें एक कारकूनच लिहीत आहे). तसें केल्यास वहीची किल्ली पुन्हा परक्याकडे जाते. गांवांतीलच दोन मुलें व दोन मुली निवडून त्यांस गांवांतच, समजेल तेथें गोंडींतून, शिकवावें व दरमहा जमाखर्च सभेपुढें मोठ्यानें वाचावा. आपल्या सोसायट्यांचे अनुभवी चिटणीस वैशाखापूर्वीं पंधरा दिवस त्या बाजूस गेल्यास हें काम होण्यासारखें आहे.