मागणीची लाट कोठें उठते?

कारखान्यास माल घालणाऱ्या शेतकऱ्याची नेहमींची तक्रार अशी कीं, एका हंगामांत कारखान्याचीं माणसें बांधावर येऊन माल मागतात व पुढील हंगामांत भरलेली गाडी दारांतून परत लावितात. लोकांचें खाणें तर असें एकाएकीं वाढत अगर घटत नाहीं. मग ही लाट उठते कोठें?

हिशेब करून पाहूं. एका दुकानीं आठवड्यास शेवयांचे 100 पुडे खपतात. दुकानदार व घाऊक व्यापारी हे दोघेही दोन आठवड्यांच्या खपाइतका सांठा ठेवितात. एके आठवड्यांत खप 110 झाला. दुकानदार गेलेले 110 व सांठ्यास 20 मिळून 130 पुडे मागवितो. व्यापारी 130 हाच खप समजून सांठा 60 नें वाढवितो व कारखान्याकडे 190 ची मागणी धाडतो. पुढील आठवड्यांतही खप 110 च राहतो. दुकानदार 110 मागवितो. परंतु व्यापाऱ्याजवळ आतां सांठा अधिक झाल्यानें तो 70 च मागवितो. खाणाऱ्यांनीं अवघे दहा पुडे अधिक नेले असतां कारखान्याची मागणी 190 वरून 70 वर आली.

महसूल खात्यांत कारकुनी करितांना हाच प्रकार मीं पाहिला आहे. टंचाईच्या सालीं गांवाहून आलेल्या बियाण्याच्या आंकड्यांत वरचा प्रत्येक हात 'जवळ असूं द्यावें' म्हणून थोडी भर घाली. लबाडी कोणाचीच नसे, पण अखेरचा आंकडा खरा नसे.

इटलींत पार्मा येथें 1877 सालीं सुरू झालेल्या बारिला कंपनीस 1980 नंतरच्या दशकांत ही अडचण फार जाणवली. ही कंपनी आपल्या बन्सी गव्हासारख्या कठीण गव्हाचा पास्ता करिते. लोकांचें पास्ता खाणें स्थिर होतें; व्यापाऱ्यांच्या मागण्या मात्र चढउताराच्या, कारण सवलतीच्या दिवसांत ते गरजेहून अधिक माल भरीत. कंपनीनें सुचविलें कीं, व्यापाऱ्यांनीं मागणी न करितां वखारींतून रोज किती माल गेला व किती उरला एवढेंच कळवावें. किती धाडावयाचा तें कंपनी ठरवील. आपला अधिकार जातो म्हणून व्यापाऱ्यांनीं प्रथम विरोध केला. पुढें ज्यांनीं ही रीत पत्करिली, त्यांचा सांठा घटला आणि मालाचा तुटवडाही कमी झाला.

यांतून आपण घ्यावयाचें तें इतकेंच. कारखान्याशीं करार करितेवेळीं सोसायटीनें मागणीच्या आंकड्याबरोबर मागील हंगामांतील प्रत्यक्ष खपाचा व शिल्लक मालाचा आंकडा लेखी मागून घ्यावा, आणि दोहोंत फार अंतर दिसल्यास लागवड वाढवूं नये. व्यापाऱ्यास आपली मागणी आठवड्यानें बदलतां येते. पेरलेलें शेत शेतकऱ्यास बदलतां येत नाहीं.