स्नेहसंमेलन कोणाचे?

डिसेंबर-जानेवारी आला की घाटकोपरपासून मुलुंडपर्यंतच्या हॉलना रविवारची उसंत नसते. एका रविवारी लग्न, दुसऱ्या रविवारी अमुक बॅचचा माजी विद्यार्थी मेळावा. आमच्या कॉलेजच्या बॅचचाही मेळावा झाला. व्हॉट्सॲपवर ग्रुप निघाला, वर्गणी ठरली, मेनू ठरला, एकसारखे टी-शर्टही ठरले. मी गेलो. विक्रोळीचा माझा एक मित्र मात्र आला नाही. वर्गणी त्याने सर्वांच्या आधी भरली होती. फोन केला तर म्हणाला, "वकील, तुम्ही जाऊन या. मला त्या स्टेजखाली बसायचं नाही."

त्याच्या या एका वाक्यामागे पंचवीस वर्षे जुनी गोष्ट आहे. आम्ही पदवीच्या दुसऱ्या वर्षाला होतो. 11 जुलै 1997 ला घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांनी गोळीबार करून आपली दहा माणसे मारली, त्याला दीड-दोन वर्षे झाली असतील. जखम ओली होती. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये भीमगीत म्हणायचे असे त्या मित्राने ठरवले. आवाज पहाडी, ढोलकीवाला वस्तीतलाच, तालीम विहारात झालेली. निवड समितीतल्या प्राध्यापकांनी गाणे अर्धे ऐकले आणि अगदी गोड आवाजात सांगितले, "गाणं चांगलं आहे, पण हे तुमच्या जयंतीत म्हण. इथे वातावरण बिघडेल." त्या संध्याकाळी कार्यक्रम गणेशवंदनेने सुरू झाला, मग कोळीगीत झाले, मग सिनेमातली गाणी. वातावरण अजिबात बिघडले नाही! आम्ही चौघे-पाच जण मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होतो. त्या टाळ्यांची मला आजही लाज वाटते.

'तुमची जयंती' हे दोन शब्द नीट पाहिले पाहिजेत. ज्या माणसाने देशाला संविधान दिले त्याची जयंती 'तुमची', आणि गणेशवंदना मात्र सर्वांची! संस्कृती म्हणजे काय, हे अशा निवड समितीच्या बंद खोलीत ठरते. त्याचा ठराव होत नाही, इतिवृत्त लिहिले जात नाही, म्हणून त्यावर अपीलही करता येत नाही. वकिली करताना मी अनेक अन्याय्य आदेश पाहिले, पण ते निदान कागदावर होते.

आपल्याकडे स्नेहसंमेलनाची परंपराच नव्हती असे कोणी समजू नये. परंपरा होती, आणि ती प्रत्यक्ष बाबासाहेबांच्या डोळ्यांसमोर घडली. 8 जुलै 1945 ला त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, 1946 मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले आणि 1950 मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, पुढे मिलिंद म्हणून ओळखले गेलेले महाविद्यालय. मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून आलेली, गावकुसाबाहेरची पहिली पिढी त्या वर्गात बसली. त्या पोरांनी गॅदरिंगमध्ये काय करायचे? दुसऱ्यांच्या दिवाणखान्यातली, दुसऱ्यांच्या सुखदुःखाची नाटके करायची? प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी 'युगयात्रा' नाटक लिहून त्याचे उत्तर दिले. शतकानुशतकांची अस्पृश्याची वाटचाल त्यांनी रंगमंचावर उभी केली. 1955 मध्ये मिलिंदच्या विद्यार्थ्यांनी ते बाबासाहेबांच्या उपस्थितीत केले. पुढच्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये धम्मदीक्षेच्या सोहळ्यात नागपूरला ते अफाट जनसमुदायासमोर झाले. एका कॉलेजच्या स्नेहसंमेलनातले नाटक एका वर्षात धम्मक्रांतीच्या मैदानावर पोहोचले. मराठी रंगभूमीच्या इतिहासात याला किती ओळी मिळतात ते वाचकांनी स्वतः पाहावे. चिटणीस जन्माने आपल्या समाजातले नव्हते, हेही मुद्दाम सांगतो. म्हणजे 'वातावरण' सांभाळणारे प्राध्यापक असतात तसे वातावरण बदलणारेही असतात. पुढे याच मिलिंदच्या परिसरातून डॉ. गंगाधर पानतावणे यांचे 'अस्मितादर्श' उभे राहिले आणि दलित साहित्याची एक अख्खी पिढी त्यात लिहिती झाली.

मुंबईतही तेच घडले. सिद्धार्थ महाविद्यालयाच्या परिसरात लिहित्या तरुणांचा सिद्धार्थ साहित्य संघ निघाला. त्यातूनच पुढे महाराष्ट्र दलित साहित्य संघ झाला आणि 2 मार्च 1958 ला दादरला पहिले दलित साहित्य संमेलन भरले. उद्घाटक कोण? घाटकोपरच्या चिरागनगरात झोपडीत राहणारे अण्णाभाऊ साठे. कॉलेजातून निघालेल्या चळवळीने उद्घाटनाला माणूस बोलावला तो जेमतेम दीड दिवस शाळेत गेलेला! पदवीधरांनी वस्तीपुढे नम्र कसे व्हावे हे त्यांना कोणी शिकवले नव्हते, ते त्यांना ठाऊक होते. आज आपल्या मेळाव्याचा उद्घाटक शोधताना आपण आधी त्याचा हुद्दा विचारतो, मग नाव.

बाबासाहेब स्वतः माजी विद्यार्थी म्हणून कसे होते, याकडेही आपण फारसे पाहत नाही. 1913 मध्ये ते कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे वसतिगृहात नवल भथेना हे पारशी मित्र भेटले. ही मैत्री पुढे आयुष्यभर टिकली, अडचणीत पैशाच्या मदतीपर्यंत गेली. 1930 मध्ये कोलंबियाच्या माजी विद्यार्थ्यांच्या नियतकालिकात बाबासाहेबांनी आपले तेथले वर्गमित्र आणि ड्युई, सेलिग्मन, शॉटवेल, रॉबिन्सन या प्राध्यापकांची आठवण फार जिव्हाळ्याने काढली. 5 जून 1952 ला त्याच विद्यापीठाने त्यांना सन्मानाने बोलावून एलएल.डी. दिली. याच माणसाला मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात शिकवायला गेल्यावर प्राध्यापकांच्या खोलीतल्या पाण्याच्या भांड्यावरून हरकत ऐकावी लागली होती. माजी विद्यार्थ्याला आपल्या विद्यापीठाची ओढ वाटते की नाही, हे त्याच्या स्वभावावर नसते, तेथे त्याला माणूस म्हणून वागवले की नाही यावर असते. माझा विक्रोळीचा मित्र हेच सांगत होता. आमचा ग्रुप ॲडमिन मात्र त्याला 'जुनं उकरून काढणारा' म्हणतो.

जुनं? पवईला जा. 1958 मध्ये उभी राहिलेली आयआयटी आपल्या विक्रोळी-कांजूरमार्गच्या वस्त्यांपासून हाकेच्या अंतरावर आहे. तिथला मूड इंडिगो देशभर गाजतो, माजी विद्यार्थी परदेशातून येतात, संस्थेला कोट्यवधींच्या देणग्या देतात. चांगलेच आहे. पण त्याच संस्थेत 2023 मध्ये वसतिगृहाच्या मेसमध्ये काही टेबले फक्त शाकाहारींसाठी राखून ठेवली गेली आणि त्याचा निषेध म्हणून त्या टेबलावर मांसाहार केलेल्या विद्यार्थ्याला दहा हजार रुपये दंड झाला. पंक्तिभेदाला आमच्या आजोबांच्या काळी 'रूढी' म्हणत, आता 'मेस कौन्सिलचा निर्णय' म्हणतात. त्याच वर्षी 12 फेब्रुवारीला दर्शन सोळंकी हा अहमदाबादहून आलेला, पहिल्या वर्षाचा दलित विद्यार्थी तेथे मृत्युमुखी पडला. जातीय भेदभावामुळे हे घडले असा आरोप त्याच्या कुटुंबाने आणि विद्यार्थी संघटनांनी केला. संस्थेच्या समितीने तो अमान्य केला. प्रकरण पोलिस तपासात आणि न्यायालयात गेले, म्हणून मी त्यावर अधिक बोलत नाही. मात्र तिथल्या आंबेडकर-पेरियार-फुले स्टडी सर्कलच्या मुलांनी हे दोन्ही प्रश्न धसास लावले. त्यांना कोणाचे पाठबळ होते? पूर्व उपनगरात आपले इंजिनिअर, बँक अधिकारी, डॉक्टर, प्राध्यापक हजारोंनी आहेत. त्यांच्यापैकी किती जण पवईच्या गेटपर्यंत गेले?

इथे मला आपल्याच घराकडे बोट दाखवावे लागते. आपल्या उच्चशिक्षित नोकरदार वर्गाचेही वेगळे मेळावे आता होऊ लागले आहेत. प्रारंभी त्रिसरण-पंचशील होते, एवढा फरक सोडला तर पुढचे सगळे प्रस्थापितांसारखेच. शाल, पुष्पगुच्छ, मोमेंटो, सत्कार, पुन्हा सत्कार, सत्कारमूर्तींचे मनोगत आणि दुपारी दोनला जेवण. एखादा वक्ता 1956 च्या आग्र्याच्या भाषणाची आठवण काढतो, शिकलेल्यांनी बाबासाहेबांना कसा धोका दिला ते सांगतो, आणि ज्यांनी धोका दिला तेच सर्वांत जोरात टाळ्या वाजवतात. सत्काराला माझा विरोध नाही. भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा त्यांचाही सत्कार झाला होता, सीताराम केशव बोले अध्यक्ष होते. पण त्या सभेत केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र मुलाच्या हातात दिले. आपण मोमेंटो देतो. काचेचा असतो, घरी नेईपर्यंत फुटतो.

मराठवाड्यातला एक मेळावा मात्र मला सर्वांहून मोठा वाटतो. विधिमंडळाने 27 जुलै 1978 ला मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला. त्यानंतर वस्त्या जळल्या, माणसे मारली गेली आणि 14 जानेवारी 1994 ला नामविस्तार झाला. तेव्हापासून दरवर्षी त्या तारखेला विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी जनसागर लोटतो. त्यातले बहुसंख्य त्या विद्यापीठात एक दिवसही शिकलेले नसतात. नऊवारीतल्या आया, शेतमजूर, रिक्षावाले येतात आणि गेटला हात लावून नमस्कार करतात. विद्यापीठाशी यांचे नाते कोणते? यांना माजी विद्यार्थी म्हणता येत नाही, पण विद्यापीठ आपले आहे असे म्हणण्याचा अधिकार यांनी रक्ताने मिळवला.

आणि आपल्याला, मुंबई विद्यापीठाची पदवी भिंतीवर लावणाऱ्यांना, हाच अधिकार कायद्याने फुकट मिळालेला असून आपण तो वापरत नाही. माझा खरा मुद्दा इथे आहे. पदवीधर म्हणजे फक्त 'एक्स स्टुडंट' नव्हे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, 2016 प्रमाणे विद्यापीठाच्या अधिसभेत, म्हणजे सिनेटमध्ये, नोंदणीकृत पदवीधरांनी निवडून दिलेले दहा सदस्य असतात. त्यापैकी पाच जागा राखीव आहेत: अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, भटके-विमुक्त, इतर मागासवर्ग आणि महिला. मत द्यायचे तर मुदतीत अर्ज भरून पदवीधर म्हणून नाव नोंदवावे लागते. मुंबई विद्यापीठाची ही निवडणूक 2023 मध्ये ऐनवेळी स्थगित झाली आणि शेवटी 24 सप्टेंबर 2024 ला पार पडली. मुंबईपासून सिंधुदुर्गापर्यंत पसरलेल्या, लाखो पदवीधर असलेल्या विद्यापीठाच्या मतदारयादीत किती नावे होती? तेरा हजारांच्या थोडी वर. दहाच्या दहा जागा युवा सेनेने, उद्धव ठाकरे गटाच्या युवक संघटनेने, जिंकल्या. त्यात अनुसूचित जातीची राखीव जागाही आली. त्यांना दोष देण्याचे कारण नाही, त्यांनी घरोघर जाऊन अर्ज भरून घेतले. आपण त्या काळात मेळाव्याचा मेनू ठरवत होतो.

सिनेटमध्ये काय असते, असे काही जण विचारतात. विद्यापीठाच्या अर्थसंकल्पावर तिथे चर्चा होते, कुलगुरूंना प्रश्न विचारता येतात. वसतिगृहे, शिष्यवृत्तीची रखडलेली रक्कम, त्यापायी अडवून ठेवलेले निकाल, रिक्त असलेली राखीव पदे, हे सारे तिथे मांडता येते. बाबासाहेबांनी हे ओळखले होते. 1927 मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात ते नुकतेच गेले होते. तिथे विद्यापीठ कायद्याच्या दुरुस्ती विधेयकावर बोलताना सिनेटमध्ये मागासलेल्या वर्गांना स्थान मिळाले पाहिजे, हा आग्रह त्यांनी धरला. महाडचा सत्याग्रह झाला ते हेच वर्ष. एकीकडे तळ्याचे पाणी, दुसरीकडे सिनेटची खुर्ची, दोन्ही लढाया त्यांनी एकाच वर्षी लढल्या. पहिली आपण दरवर्षी 20 मार्चला साजरी करतो. दुसरी आपल्यातल्या पदवीधरांनाही माहीत नाही.

म्हणून आमच्या मेळाव्यात मी उठून एवढेच म्हणालो की पुढची नोंदणी सुरू होईल तेव्हा प्रवेशद्वारावर एक टेबल लावू. पदवी प्रमाणपत्राची प्रत आणि पत्त्याचा पुरावा प्रत्येकाने आणावा, अर्ज मी आणि दोन ज्युनिअर वकील बसून भरून देऊ, राखीव जागेवर उभे राहणाऱ्यांची जात पडताळणीची कागदपत्रे आधीच तपासू. कोणीतरी म्हणाले, "साहेब, आज राजकारण नको, आज एन्जॉय करू." हसे पिकले. जेवणाच्या रांगेत मात्र सात-आठ जणांनी हळूच नंबर घेतला. त्यातल्या दोघी आपल्या समाजाच्या नव्हत्या. एक आगरी, एक मुस्लिम.

घरी येताना विक्रोळीला उतरलो. मित्र कन्नमवार नगरच्या नाक्यावर चहा पीत उभा होता. त्याची मुलगी यंदा बारावीला आहे, बापासारखी गाते. टेबलाची कल्पना त्याने ऐकून घेतली. म्हणाला, अर्ज भरतो, तीनशे माणसांचे भरून आणतो, रमाबाई नगर, पार्कसाईट, भांडुप सगळे पिंजून काढतो. पण पुढच्या मेळाव्यात पहिले गाणे माझे, गणेशवंदनेच्या जागी. मी ग्रुपवर तसे टाकले आहे. दोन निळे टिक दिसतात, उत्तर अजून कोणाचेच नाही. ॲडमिनने मात्र आज सकाळी विचारले, "ढोलकीवाला आपल्याला बाहेरून आणायचा का तो घेऊन येईल?"