भित्र्या स्कीअरची हिवाळी सहल: गैरसमज आणि वस्तुस्थिती

हिंगोली समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास. पारा दहाखाली गेला की आपल्याकडे गल्लोगल्ली शेकोट्या पेटतात. अशा जिल्ह्यातली पोरं पुण्याला नोकरीला लागली की घरच्यांना बर्फ दाखवायला निघतात, आणि पाचांतला एक जण ‘मी खाली बसून चहा पितो’ असं आधीच सांगून ठेवतो. ठिकाण निवडायचं ते या माणसाकडे बघून. बाकीचे कुठेही रमतात.

‘गुलमर्ग म्हणजे धोका, ते पट्टीच्या लोकांसाठी’

अर्धंच खरं. गुलमर्गची दोन रूपं आहेत. गोंडोला, म्हणजे रोपवे, अफरवत डोंगरावर साधारण ३,९५० मीटरपर्यंत नेतो. तिथून खालचा बराचसा उतार मोकळा डोंगर आहे. २०२३च्या फेब्रुवारीत दोन पोलिश आणि २०२४च्या फेब्रुवारीत एक रशियन स्कीअर हिमस्खलनात गेले, ते अशाच मोकळ्या उतारांवर. नवशिक्यांचा उतार गोंडोलाच्या खालच्या स्थानकाजवळ, २,६५० मीटरवरच्या कुरणात असतो. तो इतका सौम्य की थांबता आलं नाही तरी माणूस आपोआप थांबतो. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची स्की आणि गिर्यारोहण संस्थाही गुलमर्गलाच आहे. भित्र्या माणसाने वरच्या टप्प्याचं तिकीट काढलंच, तर डोंगर बघावा आणि त्याच गोंडोलाने खाली यावं. वर हवा विरळ असते, दम लागतो. त्याला घाबरटपणा म्हणू नये.

‘औली सगळ्यांत सोपी’

उतार चांगले आहेत, गढवाल मंडल विकास निगम तिथे नवशिक्यांसाठी वर्गही घेत आलं आहे. पण ऋषिकेशहून जोशीमठ अडीचशे किलोमीटर, तोही घाटरस्ता. २०२३च्या जानेवारीत जोशीमठची जमीन खचली आणि तिथून औलीला जाणारा रोपवे बंद करावा लागला. आधीच धास्तावलेल्या माणसाला दिवसभर दरीच्या कडेने नेऊन मग पायात स्की बांधणं, हे मला पटत नाही.

‘सोलंगला तासाभरात जमतं’

मनालीपासून तेरा-चौदा किलोमीटरवरच्या सोलंगला जायला सोपं, म्हणून तिथे गर्दी. भाड्याचा कोट, भाड्याचे बूट, कुणीतरी हात धरून दहा पावलं ओढत नेतो, फोटो निघतो आणि तास संपतो. यात स्कीइंग काहीच नाही. मनालीच्या सरकारी गिर्यारोहण संस्थेचे अभ्यासक्रम उत्तम, पण ते निवासी. चार दिवसांच्या सहलीत बसत नाहीत. लागोपाठ तीन सकाळी एकच प्रशिक्षक ठरवला, तर मात्र सोलंगही चालेल. २०२५च्या पहलगाम हल्ल्यानंतर ज्यांचं मन काश्मीरला धजत नाही, त्यांनी जबरदस्तीने जाऊ नये. सोलंग आहेच.

‘थंडी कडाक्याची म्हणजे बर्फ भरपूर’

सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज हा. काश्मीरचा चिल्लई कलान, म्हणजे कडाक्याच्या थंडीचा काळ, २१ डिसेंबरला सुरू होतो आणि चाळीस दिवस चालतो. या काळात दल सरोवराचं पाणी कडेने गोठतं, पण बर्फ पडायला पश्चिमी झंझावात यावे लागतात. ते आले नाहीत तर नुसती कोरडी थंडी. २०२४च्या जानेवारीत गुलमर्गची कुरणं तपकिरी होती. २०२५मध्ये खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गचा टप्पा बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चवर गेला. नाताळच्या सुटीत गेलेल्याला उघडे दगड दिसण्याची शक्यता बरीच, आणि विरळ, कडक बर्फावर पडलं तर लागतंही जास्त.

त्यातल्या त्यात भरवशाचा काळ जानेवारीअखेर ते फेब्रुवारीमध्य. आपल्याकडे अडचण अशी, की वसमत-कळमनुरीकडे तेव्हाच हळद काढायची आणि शिजवायची वेळ येत जाते. ज्यांच्या घरी हळद आहे त्यांनी जानेवारीचा शेवटचा आठवडा गाठावा आणि पैसे परत मिळतील असंच बुकिंग करावं, बाकीच्यांनी फेब्रुवारी घ्यावा.

‘स्की म्हणजे हाडं मोडणार’

जपायचे ते गुडघे. बुटाला स्की जोडणारी पकड तुमच्या वजनावर आणि सरावावर बसवतात. पडताना ती सुटली नाही तर गुडघा पिरगळतो, भलत्या वेळी सुटली तर माणूस पडतो. म्हणून वजन विचारलं की खरं सांगा, लाजून पाच किलो कमी करू नका. हेल्मेट घ्या. जीनची पॅन्ट भिजते, ती नको. भीती असते ती बहुतेक थांबता न येण्याची. पुढची टोकं जवळ, मागची लांब, असा स्कीचा कोन केला की वेग मोडतो, आणि हे पहिल्याच सकाळी शिकवतात. गुडघ्याचं दुखणं जुनं असेल त्यांनी स्की सोडून स्लेज घ्यावी, त्यात कमीपणा नाही.

जाता जाता एक: दुबईत नातेवाईक असतील तर तिथल्या मॉलमधला स्की दुबई २००५पासून चालू आहे. छताखालचा उतार, बर्फाची हमी, ना दरी ना घाट. हिमालयाची सर नाही, पण रंगीत तालीम म्हणून झकास.

माझं मत विचाराल तर गुलमर्ग, खालचा उतार, किमान तीन सकाळी. पैसे भरण्याआधी हॉटेलला फोन करून आज कुरणात बर्फ किती आहे आणि नवशिक्यांचा उतार किती लांब आहे, एवढं विचारा. नीट उत्तर मिळालं नाही तर दुसरं हॉटेल बघा.